गोंगाटाला जामीन कोण?

आमच्या सोसायटीतली मुलं मला ‘वायरलेसवाले काका’ म्हणतात. यातलं ‘काका’ मी मान्य करून टाकलं आहे, कारण वय सेहेचाळीस झालं. पण ‘वायरलेस’ हा शब्द म्हणजे निव्वळ उपहास. माझ्या मागच्या खोलीत जितक्या वायरी आहेत तितक्या वीज कंपनीच्या कचेरीतही नसतील, असं सौभाग्यवतींचं मत आहे. आणि त्या खोलीचा केर त्याच काढत असल्यामुळे ते मत अधिकृत मानावं लागतं.

मी हॅम आहे. हे वाक्य मी प्रथम उच्चारलं तेव्हा शेजारच्या आजींनी “अरेरे, कधीपासून?” असं विचारलं होतं. तेव्हा खुलासा करतो. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. घरात रेडिओचं यंत्र ठेवायचं, गच्चीवर तार ताणायची आणि जगातल्या आपल्यासारख्याच रिकामटेकड्यांशी हवेतून बोलायचं. आमच्यात चौदा वर्षांच्या पोरालाही ‘ओल्ड मॅन’ म्हणतात, आणि पत्नीला ‘एक्स वाय एल’, म्हणजे माजी तरुणी. ही दुसरी माहिती माझ्या घरात अद्याप पोचलेली नाही. कृपया पोचवू नये.

आता हा छंद कुणालाही रस्त्यात उचलता येत नाही. त्याला सरकारी परीक्षा आहे. मी बी.कॉम. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. डेबिट-क्रेडिट घोटलेल्या मेंदूत ओहमचा नियम कोंबताना जे हाल झाले ते मीच जाणे. शिवाय मोर्स! कट्ट-कडकट्ट, मिनिटाला आठ शब्द. २०१३ च्या जुलैत सरकारनं तारसेवा कायमची बंद केली, आणि त्याच वर्षी मी मोर्स शिकून परीक्षेला बसलो. योग्य गोष्ट अयोग्य वेळी करण्याचं हे माझं कसब बँकेतही वाखाणलं गेलं आहे. पुढे चौकशीला एक पोलीस हवालदार आले. त्यांनी चहा घेतला, खोली पाहिली, सौ.कडे सहानुभूतीनं पाहिलं आणि विचारलं, “साहेब, मोबाइल नाही का तुमच्याकडे?” या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला आजही देता येत नाही.

थोडक्यात, हवेत पाच वॅटची फुंकर घालण्यासाठी मी परीक्षा दिली, फॉर्म भरले, पोलिसांना तोंड दिलं. कुठल्या पट्ट्यात बोलायचं, किती ताकदीनं बोलायचं, सगळं नियमात बांधलेलं. कधी, कुणाशी, कुठल्या फ्रीक्वेन्सीवर बोललो याची नोंदवही ठेवायची. ती मात्र मी प्रेमानं ठेवतो. लेजर लिहायची सवय बोटांतून जात नाही.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे मास्तर.

मला मोर्स शिकवलं ते मास्तरांनी. तार ऑफिसातून निवृत्त झालेले. हल्ली कोकणात, राजापूरच्या बाजूला एका वाडीत एकटे राहतात. वय ब्याऐंशी. कान जवळजवळ गेलेले. समोर बसून बोललं तर दहातले चार शब्द कळतात, आणि फोनवर तर “काय? काय?” यापलीकडे संभाषण सरकत नाही. पण कानाला हेडफोन लावून मोर्सची शिट्टी ऐकवा, एक अक्षर चुकत नाही. बोललेलं ऐकू येत नाही आणि टिकटिक ऐकू येते, हे डॉक्टरांना पटवून देण्याचा नाद मी सोडला आहे. गेली बारा वर्षं रोज सकाळी साडेसातला, बँकेत जाण्यापूर्वी, सात मेगाहर्ट्‌झवर आमची वीस मिनिटं ठरलेली. पुणं ते राजापूर. त्यांचाही सेट पाच वॅटचा, त्यांनीच खटपटून बनवलेला. विषय काय? पाऊस पडला. माकडांनी नारळ पाडले. मोहोर कमी आहे. भाववाढ. माझ्या ब्रँच मॅनेजरचा स्वभाव. राष्ट्राच्या दृष्टीनं यातल्या एकाही वाक्याची किंमत नाही, हे मी आधीच कबूल करतो.

हे कबूल करण्याचं कारण असं की हॅमची बाजू मांडायला कुणी उभा राहिला की तो लगेच भूकंपात शिरतो. १९९३ चा लातूरचा भूकंप, २००१ चं भूज. २००४ च्या त्सुनामीत अंदमानात भारती प्रसाद आणि त्यांच्या सोबत्यांनी पोर्ट ब्लेअरहून रेडिओवर निरोप पोचवले, तेही. हे सगळं खरं आहे आणि अभिमानाचं आहे. पण मी स्वतः आजवर कुणाचाही प्राण वाचवलेला नाही. मी फक्त मोहोराची चौकशी केली आहे. आणि माझं म्हणणं असं, की मोहोराची चौकशी करण्याचाही माणसाला हक्क असतो. त्यासाठी दर वेळी भूकंपाचा दाखला जोडायला लागू नये.

तर गेल्या श्रावणात एका सोमवारी सकाळी साडेसातला मी सेट लावला आणि मास्तर नाहीत. त्यांच्या जागी खर्रर्र असा आवाज. कढईत एकसारखी फोडणी तडतडत राहावी आणि वर भाजी कुणी घालूच नये, तसा. सेटवर एक काटा असतो. येणारा आवाज किती जोराचा ते तो एक ते नऊ अशा घरांत दाखवतो. एरवी आमच्याकडे तो तिनावर पेंगत असतो. आज नवावर ताठ उभा. आता यातला हिशेब असा, की काटा एक घर वर गेला की ताकद चौपट. म्हणजे सहा घरं वर गेला तर किती? चाराचा सहावा घात, चार हजार शहाण्णव पट. एवढ्या गोंगाटावरून मास्तरांना आपला आवाज पूर्वीसारखा माझ्यापर्यंत पोचवायचा, तर पाच वॅटच्या जागी वीस हजार चारशे ऐंशी वॅट लागले असते. राजापूरच्या त्या वाडीत मुळात रात्री पंखा फिरण्याइतकी वीज आली तर मास्तर सत्यनारायण घालतात.

चोर पकडायचा तर आधी स्वतःच्या घरापासून, हे आमच्या बँकेतलं तत्त्व. मी सेट बॅटरीवर घेतला आणि घराचा मेन स्विच पाडला. त्या क्षणी स्वयंपाकघरात मिक्सरमध्ये चटणी अर्धी वाटून झाली होती, तो प्रसंग इथे गाळतो. काटा नवावरून आठावर आला. म्हणजे एका घराचा गोंगाट आमचाच! शोधता शोधता सापडला तो मीच रस्त्यावरून दीडशे रुपयांत आणलेला चार्जर. त्याची रवानगी भंगारात झाली. “दीडशे रुपये पाण्यात,” असं सौ. म्हणाल्या. ते पाण्यात गेले असते तर बरं झालं असतं. ते हवेत गेले होते.

उरलेल्या पाच घरांसाठी मी छोटा ट्रान्झिस्टर कानाला लावून जिना चढउतार करू लागलो. तळमजल्यावर खरखर कमी, आमच्याकडे जास्त, तिसऱ्या मजल्यावर भरपूर, आणि एका विशिष्ट दाराच्या मीटरपाशी तर ट्रान्झिस्टर अंगात आल्यासारखा घुमू लागला. तेवढ्यात ते दार उघडलं. भल्या सकाळी कुणी आपल्या विजेच्या मीटरला रेडिओ टेकवून उभा असेल तर घरमालकाची मुद्रा कशी होते ते मी प्रत्यक्ष पाहिलं.

मुलगा मात्र सज्जन. आयटीतला. घरूनच काम करतो. “काका, या ना आत,” म्हणाला. चहा झाला. मग उलगडा झाला. इंटरनेटचा डबा हॉलमध्ये आणि ऑफिस मागच्या बेडरूममध्ये. मध्ये दोन काँक्रीटच्या भिंती. सिग्नल पोचेना. म्हणून त्यानं दोन डब्या मागवल्या. एक डबी हॉलच्या प्लगमध्ये खोचायची, दुसरी बेडरूमच्या. इंटरनेट आपलं भिंतीतल्या विजेच्या वायरीतूनच इकडून तिकडे जातं. “नवी वायर टाकायला नको, फोडाफोडी नको. आहे तीच वायर! स्मार्ट ना काका?”

वाचकहो, ‘आहे तीच वायर’ हे तीन शब्द लक्षात ठेवा. सगळं पाप त्या तीन शब्दांत आहे.

विजेची वायर कशासाठी असते? सेकंदाला पन्नास हेलकावे खाणारी वीज दिव्यापर्यंत नेण्यासाठी. त्या बिचारीत तुम्ही सेकंदाला कोट्यवधी हेलकावे ओतता. जुन्या टेलिफोनच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेलेल्या असत. एकीचा उपद्रव दुसरी खोडून काढी, जुन्या संसारासारखं. घरातल्या विजेच्या तारांचा तसा मेळ नसतो. एक तार बटणापर्यंत फिरून येते, दुसरी सरळ दिव्याकडे जाते. एक या भिंतीतून, एक त्या. मग त्यांच्यातला ऐवज बाहेर सांडतो. म्हणजेच ती वायर एरियल होते. गच्चीवर माझी वीस मीटरची एक तार आहे, तिच्यासाठी मी सोसायटीकडे तीन अर्ज केले आणि ‘कपडे वाळत घालण्यास अडथळा होणार नाही’ असं लिहून दिलं. इथे सबंध इमारतीचं एरियल झालं होतं आणि एक अर्ज नाही!

मी हे त्या मुलाला समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण काका, याचा त्रास नक्की किती जणांना होतो?”

हाच प्रश्न पुढे सोसायटीच्या सभेत आला. सेक्रेटरींनी विषयपत्रिकेत ‘आयत्या वेळचे विषय’ यात, कुत्र्यांच्या उपद्रवानंतर, माझा उपद्रव घातला होता. एक सभासद म्हणाले, “एका माणसाच्या छंदासाठी चोवीस फ्लॅटनी इंटरनेट बंद करायचं का?” चोवीस फ्लॅटनी नव्हे हो, एका फ्लॅटनं, आणि बंद नव्हे, वायरीनं घ्यायचं! पण सभेत आकडा एकदा सुटला की तो परत बाटलीत जात नाही. टाळ्या पडल्या. मी एकटा बसलो होतो, आणि एकटा असल्यामुळे चूक होतो.

मला राग आला तो इथे. डबीचा नाही, या हिशेबाचा. अहो, मी बँकेत आहे. ज्या खात्याला दहा वर्षं कुणी हात लावला नाही त्यातली रक्कमसुद्धा आम्ही कर्मचारी दिवाळीला वाटून घेत नाही. ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, आणि अकराव्या वर्षी खातेदार काठी टेकत उगवला तर त्याची त्याला परत द्यावी लागते. ‘एवढ्या मोठ्या शाखेत तुमचं एकट्याचंच खातं आहे, काय करायचंय?’ असं काउंटरवरून म्हणून पाहा. आणि हवेतली शांतता हे तर सार्वजनिक खातं. त्यात माझी ठेव आहे, मास्तरांची आहे, लघुलहरींवर परदेशची केंद्रं लावून बसणाऱ्या एखाद्या पेन्शनरची आहे, विमानांची आणि जहाजांची आहे. त्यातून हा डबीवाला रोज हवी तेवढी रक्कम उचलतो. सही नाही, तारण नाही, जामीनदार नाही. बोलणाऱ्याची परीक्षा घेणार, त्याच्या घरी हवालदार पाठवणार. आणि बरळणाऱ्याला काही विचारायचं नाही? मी पाच वॅटनं एक चुकीचं अक्षर पाठवलं तर त्याचा धनी मी असतो, माझं नाव-गाव सरकारदरबारी आहे. त्या डबीवर तर बनवणाऱ्याचं नावही नव्हतं. खाली इंग्रजीत, मुंगीनं लिहावं तशा अक्षरांत, हे यंत्र दुसऱ्याला उपद्रव देणार नाही अशा अर्थाचं काहीतरी छापलं होतं. आमच्याकडे असल्या कागदावर चहाचं कर्जसुद्धा मंजूर होत नाही.

बरं, हे भांडण काही मी आमच्या जिन्यात शोधून काढलेलं नाही. इंग्लंडात मँचेस्टरला १९९७ साली विजेच्या तारांतून इंटरनेट देण्याचा मोठा गाजावाजा झाला. तिथे रस्त्यावरचे दिव्याचे खांबच एरियल होऊन बसले आणि उजेडाबरोबर खरखरही पाडू लागले. १९९९ मध्ये तो संसार गुंडाळला गेला. मग अमेरिकेनं मनावर घेतलं. खुद्द अध्यक्ष बुश यांनी २००४ साली या कल्पनेची भलामण केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथल्या दळणवळण आयोगानं नियम करून दार उघडलं. व्हर्जिनिया राज्यात मॅनसस म्हणून गाव आहे. त्यांच्या यादवी युद्धातल्या दोन लढाया तिथे झाल्या, १८६१ आणि १८६२ साली. तिसरी हॅमवाल्यांनी लढली. गावाची वीज नगरपालिकेची. तिच्या तारांतून २००५ साली गावभर इंटरनेट सुरू झालं. उद्घाटनं, फोटो, सगळं झालं. गावातल्या हॅमनी तक्रारी केल्या. त्यांनाही बहुधा कुणीतरी विचारलंच असेल, की नक्की किती जण?

पण तिथल्या हॅमच्या लीगनं एक काम चोख केलं. ती आयोगाला कोर्टात घेऊन गेली. आयोगानं नियम करताना स्वतःच्याच इंजिनियरांच्या अहवालांचा आधार घेतला होता, आणि ते अहवाल लोकांना दिले ते मधला मधला मजकूर काळा करून! ऑडिटरच्या हाती लेजर द्यावं आणि नेमक्या पानांवर चिकटपट्टी लावावी, त्यातला हा प्रकार. शिवाय आयोगानं असं धरलं होतं की तारेपासून अंतर दसपट झालं की गोंगाट दहा हजारांश उरतो. हॅमवाले मोजमापं पुढे करून सांगत होते, अहो, तो शंभरांशाच्या आसपास उरतो. दहा हजारांश आणि शंभरांश! कॅशमध्ये एवढा फरक सापडला तर माणूस घरी जात नाही, त्याला पोलीस नेतात. एप्रिल २००८ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टानं आयोगाला सांगितलं, झाकलेली पानं उघडी करा आणि हा आकडा का धरलात त्याचं धड कारण द्या. आयोगानं पानं उघडली, २०११ पर्यंत विचार केला, आणि कारणं लिहून तोच आकडा कायम ठेवला. ही हातोटी मी सरकारी कचेऱ्यांत अनेकदा पाहिली आहे, पण अमेरिकेतही ती इतकी विकसित असेल असं वाटलं नव्हतं.

तोवर मॅनससचा निकाल वेगळ्याच कोर्टात लागला होता. ग्राहक मोजके, खर्च भारी. २०१० साली नगरपालिकेनंच सेवा बंद केली. म्हणजे हवा शांत झाली ती कुणाला आमचं म्हणणं पटलं म्हणून नव्हे, तर धंद्यात खोट आली म्हणून. धंदा तेजीत असता तर तिथले मास्तर आजही खरखरीखाली गाडलेले असते. आणि रस्त्यावरचं भूत गेलं तरी त्याचं पिल्लू घरोघरच्या प्लगमध्ये शिरलंच. नावाजलेल्या कंपन्यांच्या डब्या निदान हॅमचे पट्टे तेवढे वगळून गोंगाट करतात. ती फटही अशा भांडखोर लोकांनी केस पांढरे केले म्हणून आहे. आमच्या वरच्याची डबी स्वस्तातली. तिला फटी ठेवणं परवडलं नसावं.

तीन आठवडे मास्तरांशी बोलणं नाही. फोन केला. “काय?” म्हणाले. “मास्तर, इकडे आवाज आहे, तुम्ही ऐकू येत नाही,” असं मी पुण्याहून ओरडलो. “मला ऐकू येत नाही,” असं ते राजापुराहून ओरडले. दोघंही खरं बोलत होतो. मग पोस्टकार्ड आलं. थरथरत्या अक्षरात एवढंच, की रोज साडेसातला अर्धा तास हाक मारतो, तुझी प्रकृती बरी आहे ना.

ते कार्ड खिशात घालून मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. वाद घातला नाही. म्हटलं, “पंधरा मीटर केबल मी आणतो, माझ्या खर्चानं. बसवूनही मीच देतो. तुझं इंटरनेट वाढेल, कमी नाही होणार.” मुलाला पटलं. सूनबाई म्हणाल्या, “काका, पण भिंतीवर वायर दिसेल हो. आत्ताच इंटीरियर केलंय.” म्हणजे पाहा, डोळ्यांना एक वायर दिसू नये म्हणून कानांनी हजार पट सोसायचं! पण हे मी मनात म्हणालो. तोंडानं म्हटलं, “भिंतीच्या रंगाची आणतो.”

भिंतीचा रंग हस्तिदंती निघाला. हस्तिदंती केबल पुण्यात कुठे मिळते हे शोधायला दोन शनिवार गेले, त्यातला एक दुसरा शनिवार होता. रविवारी मी लोकांच्या घरात गुडघ्यांवर रांगत, दर वीतभर अंतरावर एकेक क्लिप ठोकत होतो. काम पाहायला म्हणून सौ. वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “बारा वर्षं झाली, आपल्या घरात एक खुंटी ठोकून मिळाली नाही.” सूनबाईंनी त्यांना चहा दिला. माझ्या नावाची कपबशी मी भिंतीकडे तोंड करून घेतली. केबल जोडल्यावर मुलानं काहीतरी मोजलं आणि म्हणाला, “अरे वा, काका, स्पीड तिप्पट!” डब्या त्यानं प्लगमधून काढून माझ्या हातात ठेवल्या. मी त्या आमच्या भंगारात चार्जरशेजारी ठेवून दिल्या आहेत.

सोमवारी साडेसातला सेट लावला. काटा चारावर. तिनावर नाही. एक घर अजून कुठूनतरी येतंय. माझा संशय पार्किंगमधल्या नव्या दिव्यांवर आहे, पण ते सर्वानुमते बसवलेले आहेत. मास्तर हाक मारतच होते. मी उत्तर दिलं. सबंध हकिगत कळवली: डबी, सभा, मॅनसस, हस्तिदंती केबल. मोर्समध्ये एवढं सांगायला अकरा मिनिटं लागली. पलीकडे थोडा वेळ काही आलं नाही. मग टिकटिक सुरू झाली. पाऊस बरा आहे. माकडं परत आली आहेत. आणि तुझा हात बिघडलाय, डॅश आखूड पडतोय, रोज सराव कर.